पदवीचा टंच कोण काढतो?

सराफाच्या पेढीवर वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. सोने आपले, कारागीर आपला, घडणावळही आपल्या डोळ्यांदेखत झालेली. तरी तो दागिना परगावच्या बाजारात मोडायला नेला की तिथला सराफ आपल्या शब्दावर विसंबत नाही. तो टंच काढून घेतो. पदवीचेही तसेच आहे. आपल्या घरांतून मुलामुलींच्या शिक्षणावर मोठ्या रकमा खर्च होतात, महाविद्यालयाचे नाव चार ठिकाणी विचारून पारखले जाते, पण या पदवीचा टंच कोणी काढला आहे आणि तो कोणत्या बाजारात मानला जातो, हा प्रश्न बहुधा विचारायचा राहून जातो. कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या हजारो भारतीय अभियंत्यांपुढे तो २०१८ मध्ये अचानक उभा राहिला.

त्या वर्षी कुवेतच्या मनुष्यबळ प्राधिकरणाने परदेशी अभियंत्यांसाठी नवा नियम केला. कामाचा परवाना नव्याने काढायचा असो वा त्याचे नूतनीकरण करायचे असो, कुवेतच्या अभियंता संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक ठरले. भारतीय पदव्यांच्या बाबतीत त्या संघटनेने एकच कसोटी लावली: ज्या अभ्यासक्रमाला भारताच्या राष्ट्रीय प्रत्यायन मंडळाचे, म्हणजे एन.बी.ए.चे मानांकन आहे, त्याच अभ्यासक्रमाची पदवी ग्राह्य. पंधरा-वीस वर्षे तिथल्या तेल प्रकल्पांत आणि बांधकामांवर काम केलेली, मुले तिथल्याच शाळेत शिकत असलेली माणसे परवान्याच्या नूतनीकरणाला गेली, तेव्हा त्यांना कळले की आपण कागदोपत्री अभियंताच नाही.

हा नियम मागील वर्षांनाही लागू करणे अन्यायाचे होते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. एन.बी.ए.ची स्थापनाच १९९४ सालची. त्याआधी पदवी घेतलेल्याने हे मानांकन आणायचे कोठून? शिवाय आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालय चालवण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते, एन.बी.ए.चे मानांकन ही त्याहून निराळी गोष्ट असून ती घेण्याची सक्ती नव्हती. आय.आय.टी. तर स्वतंत्र कायद्याने चालणाऱ्या संस्था. आपल्या नावाला आणखी कोणाच्या शिक्क्याची गरज आहे, असे त्यांतील अनेकांना कधी वाटलेच नव्हते. त्यामुळे ज्यांच्या प्रवेशासाठी लाखो मुले धडपडतात, त्या संस्थांच्या पदव्याही कुवेतच्या खिडकीवर अडल्या. भारत सरकारने हा प्रश्न कुवेतकडे मांडला. दरम्यान काहींनी परवान्यावरील ‘अभियंता’ हे पद सोडून दुसरे पद लावून घेतले आणि नोकरी टिकवली. वीस वर्षे लावलेली उपाधी अशी स्वहस्ते खोडताना माणसाच्या मनाला काय वाटत असेल, याची कल्पना व्यापारी माणसाला करता येईल. पेढीवरची नावाची पाटी उतरवण्यासारखेच ते आहे.

अन्याय झाला, हे खरे. पण कुवेतने मागितलेला शिक्का अगदीच अकारण नव्हता. त्यामागची व्यवस्था जाणून घेण्यासारखी आहे.

१९८९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांतील अभियांत्रिकी संस्थांनी एक करार केला. त्याला वॉशिंग्टन करार म्हणतात. आमच्याकडे अभ्यासक्रमांची तपासणी ज्या काटेकोरपणे होते, साधारण तितक्याच काटेकोरपणे तुमच्याकडेही होते, तेव्हा तुमच्या तपासनिसाने पसंत केलेली पदवी आम्ही आमच्या पदवीच्या तोडीची मानू, असा त्याचा आशय. एका बाजारातील टंच दुसऱ्या बाजाराने मान्य करण्याचाच हा व्यवहार. पुढे त्यात इतर देश येत गेले. भारताच्या वतीने एन.बी.ए.ला जून २०१४ मध्ये पूर्ण सदस्यत्व मिळाले, आणि त्यासाठी आपल्या तपासणीची पद्धतच बदलावी लागली. पूर्वी इमारत किती चौरस फूट, ग्रंथालयात पुस्तके किती, प्रयोगशाळेत यंत्रे किती, यावर भर असे. आता चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला काय करता येते, हे पाहिले जाते. तज्ज्ञांचे पथक महाविद्यालयात येते, उत्तरपत्रिका आणि प्रकल्प चाळते, प्रश्नपत्रिकांची पातळी पाहते, विद्यार्थ्यांशी, माजी विद्यार्थ्यांशी आणि त्यांना नोकरी देणाऱ्यांशीही बोलते.

यात पालकांच्या हातून निसटणाऱ्या तीन बारीक गोष्टी आहेत. त्या हॉलमार्कवरून चटकन समजतात. सोन्याच्या दागिन्यांवर १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरांकांची स्वतंत्र ओळख कोरणे आवश्यक ठरले. हा शिक्का दुकानाला मिळत नाही, दागिन्याला मिळतो. एन.बी.ए.चे मानांकनही महाविद्यालयाला नसून अभ्यासक्रमाला असते. एकाच आवारातील यंत्र अभियांत्रिकीला ते असेल आणि दोन वर्षांपूर्वी मोठ्या जाहिरातीने सुरू झालेल्या नव्या शाखेला नसेल. माहितीपत्रकावर मात्र ‘एन.बी.ए. मानांकित महाविद्यालय’ असे ठळक छापलेले असते! दुसरी गोष्ट मुदतीची. मानांकन तीन किंवा सहा वर्षांसाठी मिळते आणि त्या मुदतीत जो उत्तीर्ण होतो त्यालाच त्याचा लाभ. तिसरी गोष्ट तर फारच थोड्यांना ठाऊक असते. एन.बी.ए. संस्थांचे दोन स्तर मानते. स्वायत्त महाविद्यालये आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग पहिल्या स्तरात, विद्यापीठाशी संलग्न असलेली इतर महाविद्यालये दुसऱ्या स्तरात. वॉशिंग्टन करारान्वये परदेशात मान्यता मिळते ती पहिल्या स्तरातील मानांकित अभ्यासक्रमांनाच. दोन्ही ठिकाणी मानांकन एन.बी.ए.चेच, पण एक परदेशच्या बाजारात चालते, दुसरे देशातच.

आणि हेही लक्षात घ्यावे की करार पदवीपुरता आहे, परवान्यापुरता नाही. कॅनडात स्वतःच्या सहीने पुलाचा आराखडा मंजूर करायचा असेल, तर तिथल्या प्रांताच्या नियामक मंडळाकडे अनुभव दाखवून आणि आवश्यक परीक्षा देऊन परवाना मिळवावाच लागतो. करारामुळे शिक्षणाविषयीचा प्रश्न सुटतो; बाकीची वाट चालावीच लागते.

आपल्या समाजात अभियंत्यांइतकेच, किंबहुना अधिक, चार्टर्ड अकाउंटंट आहेत. त्यांची स्थिती तुलनेने सुखाची. १९४९ पासून एकच संस्था, एकच परीक्षा, सर्व देशात एकच दर्जा. म्हणूनच इंग्लंड-वेल्सच्या सनदी लेखापाल संस्थेसारख्या परदेशी संस्थांशी परस्परमान्यतेचे करार करणे आपल्या संस्थेला जमले. हजारो महाविद्यालयांच्या हजारो पदव्या असतील, तेथे असे एकगठ्ठा विश्वासपत्र कोण देणार?

वैद्यकीय शिक्षणात प्रवाह उलटा वाहतो. मुले परदेशी शिकायला जातात आणि पदवी इथे आणतात. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा, शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे, बारा महिन्यांची आंतरवासिता तिथेच व्हावी आणि त्या देशात तेथील नागरिकाप्रमाणेच वैद्यकीय व्यवसाय करण्यास ती पदवी पात्र असावी, अशा अटी आहेत. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. ज्या देशाने स्वतःच्या रुग्णांना हात लावू द्यायचा नाही, अशी पदवी केवळ परदेशी विद्यार्थ्यांसाठी विकायची, या व्यवहाराला ती आळा घालते. मध्यस्थाच्या कार्यालयात शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी या चार अटी एकेक करून कागदावर तपासाव्यात. त्यांतील एक जरी चुकली तरी इथली पात्रता परीक्षा देण्याची दारेच बंद होतात, आणि सहा वर्षे परत मिळत नाहीत.

टंच काढणाराच लबाड निघाला तर? हा प्रश्न चतुर वाचकाच्या मनात आला असेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या पाहणी समितीतील सदस्यांना चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सी.बी.आय.ने अटक केली. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. परंतु अशा प्रत्येक बातमीचे नुकसान त्या एका संस्थेपुरते राहत नाही. परस्परमान्यता उभी असते ती तपासनिसाच्या पतीवर. ती पत घसरली की प्रामाणिक महाविद्यालयातून कष्टाने शिकलेल्या मुलीच्या प्रमाणपत्राकडेही परदेशातील अधिकारी चष्म्यावरून पाहू लागतो.

येथे आपल्या समाजाचा संबंध केवळ पालक म्हणून नाही. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचे नाव आहे; ती संस्था १९४७ सालची. त्यानंतर गावोगाव आपल्या दानशूर कुटुंबांनी महाविद्यालये उभारली आणि आज या अंकाचे कितीतरी वाचक त्यांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. विश्वस्तांच्या सभांना मीही बसलो आहे. नव्या इमारतीच्या कोनशिलेवर कोणाचे नाव असावे, यावर दोन तास चर्चा होते. मानांकनाच्या नूतनीकरणाची फाइल मात्र ‘प्राचार्य पाहतील’ एवढ्या एका वाक्यात पुढे सरकते. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात, म्हणून अर्ज लांबतो. जुनी मुदत मे महिन्यात संपते आणि नव्या पाहणीचे पथक पुढच्या वर्षी येते. मधल्या काळात एक वर्ग उत्तीर्ण होऊन बाहेर पडतो. पदवीदान समारंभात टाळ्या वाजतात, छायाचित्रे निघतात. त्या साठ मुलांपैकी एखाद्याला दहा वर्षांनी कुठल्यातरी परदेशी खिडकीवर पदवीचे वर्ष विचारले जाईल आणि समोरचा माणूस यादी पाहून मान हलवील, हे त्या दिवशी मंचावर बसलेल्यांपैकी कोणाच्याही ध्यानात येत नाही.