औषध मापून द्यावं, विचारून घ्यावं

आजची गोष्ट आमच्याच गटातली आहे. जिच्या घरी घडली तिला विचारूनच सांगतो आहोत. ती म्हणाली, “सांगा बायांनो. आमचं निभावलं, दुसरीचं निभावेलच असं नाही.”

तिचा नातू नऊ महिन्यांचा. ताप उतरेना म्हणून त्याला दवाखान्यात दोन दिवस ठेवलं होतं. घरी सोडताना कागदावर लिहून दिलं, ‘पॅरासिटामॉल, ५ मिली, ताप आला तर’. घरी पोचेपर्यंत मेडिकल बंद झालं होतं. रात्री पोराचं अंग पुन्हा तापलं. फळीवर मागच्या आजारपणातली बाटली होती. नाव तेच, पॅरासिटामॉल. सुनेने दुसऱ्या एका औषधाच्या टोपणाने ५ मिली मोजलं आणि पाजलं. सहा तासांनी पुन्हा पाजलं. सकाळी आजीने बाटली उचलली तर ती हलकी लागली. दोनदाच दिलं, तर संपली कशी? तिने आशाताईला फोन लावला. आशाताई म्हणाली, “बाटली हातात घ्या आणि आहात तशा दवाखान्यात निघा.”

ती बाटली सिरपची नव्हती, थेंबांची होती.

हा फरक नीट समजून घेऊ. पॅरासिटामॉलचं साधं सिरप येतं, त्याच्या ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असतं. दुसरं जास्त ताकदीचं सिरप येतं, त्याच्या ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम असतं. आणि लहान बाळांसाठी थेंबांची छोटी बाटली येते. तिच्या एकाच मिलीमध्ये बहुतेक वेळा १०० मिलिग्रॅम असतं. आपल्याला वाटतं, थेंब तान्ह्या बाळाचे, म्हणजे पातळ असणार. असतं उलटं. तान्ह्याच्या तोंडात जास्त मावत नाही, म्हणून थेंबांचं औषध घट्ट ताकदीचं केलेलं असतं. डॉक्टरांनी लिहिलेले ५ मिली साध्या सिरपचे होते. बाळाच्या पोटात गेले ५ मिली थेंब, म्हणजे एका वेळी ५०० मिलिग्रॅम. ठरल्याच्या चौपट.

पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताला, म्हणजे लिव्हरला इजा होते. पहिल्या दिवशी मूल खेळतंसुद्धा, म्हणून ‘बरं दिसतंय, बघू उद्या’ असं करून चालत नाही. आमच्या मैत्रिणीचा नातू वेळेत पोचला. रक्त तपासलं, देखरेखीखाली ठेवलं, आणि तो हसत घरी आला.

चूक कुणाची? गावात लगेच सुनेकडे बोट गेलं. आम्हाला ते पटलं नाही. कागदावर औषधाची ताकद लिहिली नव्हती. घरी सोडताना कुणी बाटली दाखवून सांगितलं नव्हतं. आणि आपणही विचारलं नव्हतं. साखळीतल्या तीन कड्या सुटल्या, शेवटची कडी सुनेच्या हातात होती एवढंच.

आता मुलांच्याच बाबतीत हे जास्त का होतं, ते पाहू. मोठ्या माणसाला बहुधा ठरलेली गोळी असते. मुलाचं औषध वजनावर ठरतं. जन्मताना अडीच-तीन किलोचं बाळ वर्षाचं होईतो साधारण तिप्पट होतं. म्हणजे तिसऱ्या महिन्यातलं माप दहाव्या महिन्यात चालत नाही, आणि थोरलीचं माप धाकट्याला चालत नाही. त्यात टिंबाचा घोळ असतो. ०.५ मिली लिहिलेलं घाईत ५ वाचलं, तर औषध दहापट होतं. म्हणून ऐकताना आकड्याबरोबर ‘अर्धा मिली’ असं बोलून खात्री करून घ्यायची.

यातून पहिली गोष्ट निघते, ती वजनाची. दवाखान्यात जाताना बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर घ्या. अंगणवाडीत झालेलं शेवटचं वजन त्यावर असतं. मोबाइल, पैसे आणि कार्ड, तिन्ही एकाच पिशवीत. दवाखान्यात पुन्हा वजन केलं नाही तर आपणच म्हणायचं, “ताई, वजन करून घ्या ना.”

दुसरी गोष्ट, सगळं सांगायचं. कोणत्या औषधाने आधी अंगावर पुरळ आलं होतं का, घरात आधीपासून कोणतं औषध चालू आहे, मेडिकलमधून विचारून काय आणून दिलं, गुटी किंवा जायफळ उगाळून दिलं का, झाडपाल्याचं काही पाजलं का. डॉक्टर रागावतील म्हणून आपण गुटीचं लपवतो. पण बाळ आजाराने गुंगलंय की जायफळाने, हे त्यांना न सांगता कसं कळणार? रागावले तर दोन मिनिटं ऐकून घेऊ.

तिसरी गोष्ट वॉर्डातली. नवजात बाळाला नाव नसतं, ते आईच्या नावावर असतं. वॉर्डात एकाच नावाच्या दोन बाळंतिणी असल्या की बाळांच्या केसपेपरची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. म्हणून बाळाच्या हातापायाची पट्टी सुटली तर लगेच सांगा. इंजेक्शन किंवा औषध द्यायला सिस्टर आल्या की आपणहून आईचं पूर्ण नाव सांगा आणि विचारा, “सिस्टर, हे कशाचं औषध आहे?” योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच ‘योग्य’ सिस्टरांना शिकवलेले असतात. आपल्या प्रश्नाने त्यांना ते तपासायला एक क्षण मिळतो. रात्रपाळीला एकटी सिस्टर पंचवीस मुलांना सांभाळत असते, तेव्हा हा क्षण तिच्याही उपयोगाचा आहे.

चौथी गोष्ट घरी सोडतानाची, आणि आमच्या मते ही सगळ्यात मोठी. आपल्याला विचारतात, “समजलं ना?” आपण मान डोलावतो. मागे रांग असते, पोर रडत असतं, एसटी गाठायची असते. यापुढे मान डोलावायची नाही. म्हणायचं, “मॅडम, मी परत सांगते, बरोबर आहे का बघा.” मग आपल्या शब्दांत सांगायचं. कोणती बाटली, किती, किती वेळा, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, आणि काय झालं तर परत यायचं. चुकलं तर तिथेच दुरुस्त होतं. यात आपला अडाणीपणा दिसत नाही. शिकलेल्या माणसाचाही दवाखान्यात गोंधळ उडतो.

औषध मेडिकलमधून घेतलं तर हेच तिथे. औषध कसं घ्यायचं हे फार्मासिस्टने समजावून सांगायचं, असं २०१५ च्या फार्मसी नियमांतच आहे. विचारणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. बाटलीवर पेनाने मोठ्या अक्षरात लिहून घ्या. वाचता येत नसेल तर सूर्य आणि चांदण्या काढून घ्या, सकाळ-संध्याकाळ कळते.

घरात काय करायचं? औषध घरातल्या चमच्याने द्यायचं नाही. बाटलीबरोबर आलेलं माप किंवा सुईविना सिरिंज वापरायची. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला लावायचा नाही. पावडरीतून तयार होणारं प्रतिजैविकाचं सिरप असेल तर उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घालायचं, दर वेळी हलवायचं, आणि लेबलवर लिहिलेल्या दिवसांनंतर उरलेलं टाकून द्यायचं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, पण छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावरचा आकडा बघूनच पाणी घ्यायचं. लोहाचं सिरप, गोळ्या, सगळं मुलांच्या हाताला लागणार नाही असं उंचावर. ‘चॉकलेट आहे, खा’ असं म्हणून कधीच औषध द्यायचं नाही, पोरं ते खरं धरतात.

खोकल्याच्या औषधाबद्दल वेगळं सांगायला हवं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात आणि आसपास मिळून वीसहून जास्त मुलं गेली. त्यांच्यापैकी कितीतरी जणांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. त्यांनी घेतलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं. त्याने मुलांचे मूत्रपिंड निकामी झाले. त्या आयांनी माप चुकवलं नव्हतं, औषधच खोटं होतं. म्हणून आपण काय शिकायचं? केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने तेव्हा सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे देण्याची गरज नसते. बहुतेक साधा खोकला आपोआप बरा होतो. बाटली आणि बिल मूल बरं होईतो जपून ठेवा, बाटलीवरच्या बॅच नंबरावरूनच खोट्या औषधाचा माग लागतो. आणि कोणतंही औषध चालू असताना लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात, मूल गुंगून पडलं, तर वाट पाहू नका. बाटली घेऊन निघा. १०८ वर रुग्णवाहिका मिळते, १०४ वर आरोग्याचा सल्ला मिळतो.

शेवटी एक काम. आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही प्रत्येकीने घरून एक चमचा आणला. आशाताईंनी सिरिंजने ५ मिली पाणी मोजून एकेका चमच्यात ओतलं. कुणाचा निम्मा भरला, कुणाचा काठोकाठ, कुणाचं ताटात सांडलं. अर्धा तास हसलो, पण घरी गेल्यावर प्रत्येकीने फळीवरच्या बाटल्या खाली काढल्या. ती सूनही आली होती. सिरिंज तिनेच हातात घेतली आणि पाच मिलीची रेघ कुठे असते, हे सगळ्यांना दाखवलं.

पुढच्या बैठकीला तुम्हीही चमचे घेऊन बसा.