दोन भाषांमधील दुभाष्या

ज्या दोन मनुष्यांच्या भाषा भिन्न आहेत त्यांचा व्यवहार दुभाष्यावांचून चालत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु संगणकाच्या पोटांतहि अशाच दोन भाषा नांदत असून त्यांच्यामध्यें अहोरात्र दुभाष्याचें काम करणारीं साधनें आहेत, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच माहीत असेल. वरच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थी हल्लीं पायथन ही भाषा शिकत आहेत. त्यांस व त्यांच्या पालकांस या दुभाष्याची ओळख करून द्यावी, आणि त्याच्यावर कितपत विसंबावें हेंहि सांगावें, या हेतूनें हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या दोन भाषा कोणत्या तें पाहूं. शाळेच्या ग्रंथालयाचें उदाहरण घ्या. तेथें एका वहींत विद्यार्थ्यांचीं नांवें असतात, दुसरींत पुस्तकांचीं, आणि तिसरींत कोणी कोणतें पुस्तक केव्हां नेलें याची नोंद. या तिसऱ्या वहींत विद्यार्थ्याचें सबंध नांव, इयत्ता व पत्ता पुन्हां लिहीत नाहींत; नुसता त्याचा क्रमांक लिहितात, व जरूर पडल्यास त्यावरून पहिल्या वहींत शोध करतात. माहिती अशा रीतीनें कोष्टकांत मांडावी व कोष्टकांतील नोंदी अशा समान क्रमांकांनीं एकमेकींशीं जुळवाव्या, हा विचार एडगर कॉड यांनीं आयबीएम कंपनींत असतांना १९७० सालीं शास्त्रशुद्ध पायावर मांडला. पुढें १९७४ सालीं त्याच कंपनींतील डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्याची एक भाषा प्रसिद्ध केली. तिचेंच पुढें वाढलेलें रूप म्हणजे एसक्यूएल. ही झाली पहिली भाषा.

दुसरी भाषा पायथन. नेदरलंड्समधील गिडो व्हान रॉसम यांनीं ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. या भाषेंत लिहिणारा मनुष्य बहुधा ओळी व रकाने यांच्या रूपानें विचार करीत नाहीं. तो वस्तूंच्या रूपानें विचार करतो. 'विद्यार्थी' ही एक वस्तु. तिला नांव आहे, इयत्ता आहे, आणि नेलेल्या पुस्तकांची यादी जणूं तिच्याच हातांत आहे. कोष्टकांत अशी यादी कोणाच्याहि हातांत नसते. तेथें क्रमांक असतात, व यादी त्यांवरून जुळवावी लागते. सत्य एकच, पण तें सांगण्याच्या रीति दोन.

या दोन रीतींची सांगड घालणाऱ्या साधनास ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर असें म्हणतात. पायथनसाठीं अशीं साधनें अनेक आहेत. त्यांपैकीं बहुमान्य झालेलें एक म्हणजे एसक्यूएलअल्केमी. माइक बेयर यांनीं तें २००६ सालीं लोकांपुढें ठेविलें, व तें कोणासहि विनामूल्य वापरतां येतें. 'अल्केमी' हा इंग्रजी शब्द व आपला 'किमया' हा शब्द मूळ एकाच अरबी शब्दापासून आलेले आहेत. कोष्टकांतील ओळीची वस्तु करणें व वस्तूची पुन्हां ओळ करणें, हीच या साधनाची किमया होय.

या दुभाष्याजवळ 'सेशन' नांवाची एक टिपणवही असते असें समजा. प्रोग्रॅमनें एखादी ओळ मागितली म्हणजे तिची वस्तु बनवून तो ती या वहींत टिपून ठेवतो. तीच ओळ पुन्हां मागितल्यास दुसरी प्रत न करतां तो पहिलीच वस्तु हातीं देतो. त्यामुळें एका कामांत एकाच विद्यार्थ्याच्या दोन परस्परविरुद्ध प्रती निर्माण होत नाहींत. वस्तूंत केलेले फेरफार तो जमवून ठेवतो व योग्य क्रमानें पाठवितो: आधीं विद्यार्थी, मग त्याच्या क्रमांकावर अवलंबून असलेली नोंद. शेवटीं 'कमिट' म्हटलें म्हणजे सर्व कायम होतें. मध्येंच कांहीं बिघडलें तर 'रोलबॅक' म्हणून सर्व मागें घेतां येतें. फी जमा झाली पण पावतीची नोंद राहिली, असा अर्धवट प्रकार यामुळें टाळतां येतो.

इतके गुण असूनहि प्रोग्रॅमर लोकांत या साधनाविषयीं सतत चर्चा चालते, आणि तींत एक तक्रार वारंवार निघते: प्रोग्रॅम बरोबर चालतो, परंतु फार सावकाश चालतो. याचें कारण समजण्यासारखें आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गांत प्रत्येकाचें नांव व त्यानें नेलेलीं पुस्तकें छापावयाचीं आहेत असें धरा. पायथनमध्यें हें चार ओळींचें काम आहे. परंतु आमच्या दुभाष्याचा मूळ स्वभाव असा कीं, मागितल्यावांचून तो कांहीं आणीत नाहीं. तो प्रथम एक प्रश्न विचारून साठ नांवें आणतो. मग पहिल्या मुलाच्या पुस्तकांचा उल्लेख होतांच पुन्हां डेटाबेसकडे धांवतो; दुसऱ्यासाठीं पुन्हां, तिसऱ्यासाठीं पुन्हां. एकूण फेऱ्या एकसष्ट! साठ खडू हवे असतां शिपायास साठ वेळां कार्यालयांत पाठवावें, तसाच हा प्रकार. यास 'एन प्लस वन' चा दोष म्हणतात. दहा नांवांवर तपासून पाहिल्यास तो लक्षांतहि येत नाहीं. निकालाच्या दिवशीं हजारों पालक एकदम पान उघडूं लागले म्हणजे तो उघडा पडतो.

उपाय अवघड नाहीं. दुभाष्यास आधींच सांगून ठेवावें लागतें. 'सिलेक्टइनलोड' असें सांगितल्यास तो नांवें आणल्यावर दुसऱ्याच फेरींत साठहि जणांचीं पुस्तकें एकत्र आणतो. एकसष्ट फेऱ्यांच्या ठिकाणीं दोन होतात. 'जॉइनलोड' सारखी दुसरी सूचनाहि आहे. तिचें खरें नांव 'जॉइंडलोड'. तिनें सर्व कांहीं एकाच फेरींत येतें, परंतु ज्यानें पांच पुस्तकें नेलीं त्याचें नांव पांच वेळां ओझ्यांत येतें. म्हणून कोणती सूचना केव्हां द्यावी हें त्या त्या कामावरून ठरवावें लागतें, आणि तें ठरविण्यास कोष्टकांची भाषा समजावी लागते.

कित्येक जाणते म्हणतात कीं, असें आहे तर दुभाष्या हवाच कशाला? सर्व प्रश्न एसक्यूएलमध्यें हातानेंच लिहावे. दुसरे म्हणतात, साधन आहे तर एसक्यूएल शिकण्याचे श्रम कशाला? आम्हांस हीं दोन्ही टोकें अग्राह्य वाटतात. पहिल्यांत तेंच तेंच लेखन पुनःपुन्हां करण्यांत आयुष्य जातें. दुसऱ्यांत मनुष्य आपल्या नोकराचा अंकित होतो. या साधनाच्या रचनेंतच मध्यम मार्ग आहे. त्याचा खालचा थर, ज्यास 'कोअर' म्हणतात, एसक्यूएलच्या अगदीं जवळचा आहे व तो स्वतंत्रपणें वापरतां येतो. आणि २०२३ सालीं निघालेल्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तींत दोन्ही थरांवर प्रश्न विचारण्याची रीत बहुतांशीं एकच केली आहे. शिवाय 'एको' नांवाची एक खूण चालू केली म्हणजे डेटाबेसकडे गेलेला प्रत्येक प्रश्न पडद्यावर जसाच्या तसा उमटतो. दुभाष्यानें आपल्या नांवानें काय सांगितलें तें ऐकण्याची सोय त्यानें स्वतःच करून ठेविली आहे. मात्र ऐकणाऱ्यास ती भाषा आली पाहिजे.

तेव्हां विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, ग्रंथालयाच्या त्या तीन वह्या आधीं कागदावर आंखा. प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वीं किती प्रश्न विचारावे लागतील तो आंकडा समासांत मांडून ठेवा, आणि नंतर 'एको' चालू करून खरे प्रश्न मोजा. दोन आंकडे जुळले तर काम तुम्हीं केलें. न जुळले तर कोठें चुकलें याचा शोध घ्या, त्यांतच खरें शिक्षण आहे. आणि पालकांनीं, मुलगा किंवा मुलगी चार ओळींचा प्रोग्रॅम कौतुकानें दाखवूं लागली म्हणजे शाबासकी अवश्य द्यावी, व लागलींच एवढें विचारावें: "यांत डेटाबेसकडे फेऱ्या किती झाल्या?"