ट्रक ऑइल ‘पितोय’? थांबा, इंजिन खोलू नका!

सेलमध्ये क्लिक केलेले शूज दोन दिवसांत तुमच्या फ्लॅटवर हजर होतात, ते रात्रभर हायवेवर पळणाऱ्या कुणाच्या तरी ट्रकमुळे. त्या ट्रकचा मालक म्हणजे कुणी बडी कंपनीच असते असं नाही. एकच गाडी, आणि डोक्यावर तुमच्या होमलोनसारखाच ईएमआय, असेही खूपजण असतात. गॅरेजमधल्या एका वाक्याने त्यांना घाम फुटतो : ‘शेठ, गाडी ऑइल खातीये. इंजिन खोलावं लागेल.’

इंजिन खोललं की पिस्टन, रिंगा, लायनरचा खर्च. गाडी उभी, हप्ता चालू! म्हणून सिंपल फंडा : सगळ्यात महाग संशय सगळ्यात शेवटी.

आधी मोजा

रिंगा झिजू नयेत म्हणून सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर लागतोच आणि त्यातलं थोडं जळतंच. प्रश्न ‘किती?’ हा आहे. सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक बघा. लेव्हल फुल करा, १००० किलोमीटर चालवा, किती ऑइल घालावं लागलं ते लिहा. ४ चा अ‍ॅव्हरेज देणारा ट्रक तेवढ्यात २५० लिटर डिझेल पितो. १ लिटर ऑइल गेलं, तर ते डिझेलच्या ०.४ टक्के. हा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. मर्यादेच्या आत असेल, तर टेन्शन कशाला?

मग बाहेर बघा

इंजिन धुऊन स्वच्छ करा, रात्री खाली पुठ्ठा टाका. सकाळी डाग दिसला की चोर सापडला. फक्त वाऱ्याने ऑइल मागे उडतं, त्यामुळे गळती डागाच्या जरा पुढे शोधा.

ट्रकमध्ये आणखी एक छुपी वाट असते. ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरलाही इंजिनचंच ऑइल जातं. हवेच्या टाकीचा ड्रेन उघडल्यावर पाण्याबरोबर भरपूर ऑइल आलं, तर दुखणं कॉम्प्रेसरचं आहे. रिंगा बिचाऱ्या निर्दोष!

धूर काय म्हणतो?

निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा आत शिरलेलं कूलंट. पण १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये एक्झॉस्टला फिल्टर असतो, त्यामुळे निळा धूर दिसेलच असं नाही. त्या फिल्टरमधली काजळी जळून जाते, ऑइलची राख मात्र साचत राहते. म्हणजे दुर्लक्ष केलं तर दुसरं बिल तयार!

टर्बोवर लगेच खापर फोडू नका. एअर फिल्टर तुंबला, टर्बोतून ऑइल परत नेणारा पाइप दबला किंवा ब्रीदर चोक झाला, तरी टर्बो ऑइल सोडतो. हे तिन्ही तपासणं स्वस्त आहे. पण टर्बो खरंच गेला असेल, तर गाडी चालवू नका. ऑइल थेट सिलिंडरमध्ये शिरलं, तर डिझेल इंजिन त्यावरच बेफाम पळू शकतं आणि चावी फिरवूनही बंद होत नाही.

आता रिंगांची पाळी

एवढं करूनही हिशेब लागत नसेल, तर ब्रीदरमधून येणाऱ्या वाफेचा दाब आणि सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. जुन्या ऑइलचा नमुना लॅबला द्या. त्यात सिलिकॉन वाढलेलं असेल, तर बहुधा धूळ आत जातेय. सोबत लोखंड आणि क्रोमियमही वाढलं असेल, तर लायनर-रिंगा झिजताहेत. तेव्हा इंजिन खुशाल खोला. पण धुळीची वाट आधी बंद करा, नाहीतर नव्या रिंगाही तशाच जातील.

आणि हो, हे वाचून ‘आपल्याला काय?’ म्हणणाऱ्या कारवाल्यांनो! डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो, लेव्हल कमी झाल्याचं नाही. तो पेटेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. या वीकेंडला लोणावळ्याला निघण्याआधी बॉनेट उघडा आणि डिपस्टिक बघा. दोन मिनिटांचं काम आहे, बॉस!