चंबळेच्या सुसरी कशाने मेल्या?

ग्वाल्हेरहून चंबळ फार लांब नाही. ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ या नदीतल्या सुसरींचा वर्षानुवर्षे अभ्यास करत आले आहेत. डिसेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात या नदीत शंभरावर सुसरी मेल्या. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निकामी झालेली दिसली आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर. म्हणजे सुसरींना चक्क गाऊट, युरिक आम्ल साठण्याचा विकार! चंबळ तशी स्वच्छ. पण बहुतेक कलेवरे इटावाकडे, यमुनेच्या संगमाजवळच्या पट्ट्यात सापडली. साहजिकच संशय प्रदूषित यमुनेतून वर येणाऱ्या माशांवर गेला. काही विषे पाण्यात नगण्य असतात, माशात साठतात आणि मासे खाणाऱ्याच्या अंगात आणखी वाढतात. नेमके विष कोणते, हे निर्विवाद ठरले नाही. मासे नदीकाठची माणसेही खातात.