सामायिक नदीजलव्यवस्थापन

सामायिक नदीजलव्यवस्थापन : एकाहून अधिक देशांतून वा राज्यांतून वाहणाऱ्या, अथवा त्यांच्या सीमेवरून जाणाऱ्या नदीच्या पाण्याचा संबंधितांनी परस्परसंमतीने केलेला वापर, वाटप व संरक्षण. नदीचे खोरे हे नैसर्गिक एकक आहे. राजकीय सीमा मात्र त्याला छेदून जातात. वरच्या काठावरील उपशाचा परिणाम खालच्या काठावर होतो आणि खालच्या धरणाचा फुगवटा वरच्यांच्या जमिनी बुडवितो. या वादाचे मूळ त्यातच आहे.

यूरोपात या प्रश्नाचा आरंभ जलवाहतुकीतून झाला. व्हिएन्ना परिषदेने १८१५ मध्ये ऱ्हाईन नदीवरील नौकानयनासाठी मध्यवर्ती आयोग नेमला. सिंचनासाठी पाण्याची मागणी वाढल्यावर वाटपाचा प्रश्न पुढे आला. आपल्या हद्दीतील पाण्यावर राष्ट्राची निरंकुश सत्ता असते, असे मत अमेरिकेचे महान्यायवादी हार्मन यांनी १८९५ मध्ये रीओ ग्रांदेच्या वादात मांडले. ते पुढे मागे पडून ‘न्याय्य व वाजवी वापर’ हे तत्त्व १९६६ च्या हेल्सिंकी नियमांत व १९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात स्वीकारले गेले. हा करार २०१४ मध्ये अंमलात आला. भारत व पाकिस्तान यांच्यातील १९६० च्या सिंधू करारात पाण्यापेक्षा नद्याच वाटून घेतल्या गेल्या : पूर्वेकडील तीन भारताला, पश्चिमेकडील तीन मुख्यतः पाकिस्तानला. त्यामुळे तो सहकारापेक्षा विभागणीचा नमुना ठरतो. एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला. याउलट सेनेगल नदीच्या खोऱ्यातील माली, मॉरिटेनिया व सेनेगल या देशांनी १९७२ मध्ये संघटना स्थापून धरणेच सामायिक मालकीची केली.

भारतात हाच प्रश्न राज्याराज्यांत उद्‌भवतो. संविधानाच्या २६२ व्या अनुच्छेदान्वये १९५६ मध्ये आंतरराज्यीय जलविवाद अधिनियम झाला. त्याच वर्षीचा नदीमंडळ अधिनियम खऱ्या अर्थाने सहकाराचा होता, पण तो कागदावरच राहिला. वाद झाल्यावर न्यायाधिकरण नेमणे, हीच मग वहिवाट पडली.

यवतमाळ जिल्ह्यातील पैनगंगा हे याचे बोलके उदाहरण होय. बुलढाणा जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी यवतमाळच्या दक्षिण सीमेवरून वाहत जाऊन वढा-जुगाद येथे वर्धेस मिळते. पूस, अरुणावती व अडाण या तिच्या उपनद्यांनी जिल्ह्याचा मोठा भाग व्यापला आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यावर तिच्या उत्तरेस इंग्रजी अंमल व दक्षिणेस निजामी राज्य अशी स्थिती झाली. १९५६ नंतर समोरचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात व २ जून २०१४ पासून तेलंगणात आला. नदी तीच, सोयरीकही दोन्ही काठांवरची. पलीकडचे सरकार तेवढे बदलत गेले.

पैनगंगा गोदावरीच्या खोऱ्यात मोडत असल्याने तिच्या पाण्याचा निर्णय एप्रिल १९६९ मध्ये न्या. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गोदावरी जलविवाद न्यायाधिकरणाकडे गेला. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश व ओडिशा ही पाच राज्ये त्यात पक्षकार होती. विशेष असा की, सुनावणी चालू असतानाच राज्यांनी आपापसांत करार केले व १९८० च्या अंतिम निवाड्यात ते समाविष्ट झाले. कृष्णेच्या वादात न दिसलेला हा समजूतदारपणा येथे दिसला, याला गोदावरीचे विपुल पाणीही कारणीभूत असावे. ६ ऑक्टोबर १९७५ च्या महाराष्ट्र-आंध्र करारात निम्न पैनगंगा, लेंडी व प्राणहिता हे प्रकल्प संयुक्त मानण्यात आले.

निम्न पैनगंगा प्रकल्पाचे धरण आर्णी तालुक्यातील ताडसावळीजवळ नियोजित झाले. पाण्याचे वाटप महाराष्ट्र ८८ टक्के व आंध्र प्रदेश (पुढे तेलंगणा) १२ टक्के असे ठरले. सु. ४२·६७ अब्ज घनफूट पाण्यापैकी तेलंगणाचा वाटा सु. ५·१२ अब्ज घनफूट येतो. खर्च व लाभ यांचे प्रमाण कागदावर मांडता आले, तरी बुडिताचे तसे झाले नाही. जलाशयाखाली जाणारी गावे यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील असून त्यांत आदिवासी वस्तीही आहे. या गावांनी धरणाला सातत्याने विरोध केला. दोन राज्यांचे एकमत झाले, पण ज्यांची शेते बुडणार त्यांची संमती करारात कोणी मागितली नव्हती. करार होऊन दशके लोटली तरी धरण रखडले, त्यामागे निधीच्या टंचाईबरोबर हेही कारण होते.

तेलंगणाच्या निर्मितीनंतर वाटाघाटींना पुन्हा गती आली. ८ मार्च २०१६ रोजी दोन्ही राज्यांनी आंतरराज्यीय मंडळ स्थापण्याचा करार केला आणि २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत तीन प्रकल्पांचे करार झाले : प्राणहिता-गोदावरीवरील तुम्मिडीहट्टी व मेडिगड्डा, निम्न पैनगंगा आणि यवतमाळचे चनाखा व आदिलाबादचे कोरटा या समोरासमोरच्या गावांजवळचा चनाखा-कोरटा बंधारा. तुम्मिडीहट्टीची पातळी तेलंगणाच्या बाजूने १५२ मी. मागितली होती, महाराष्ट्राने बुडिताची हरकत घेतल्यावर ती १४८ मी. ठरली. चार मीटरांवरून इतकी वर्षे वाद का चालला, हे सपाट काठांवर फुगवटा किती दूर पसरतो हे पाहिल्यास कळते.

वाटपाचा प्रश्न राज्यसीमेवरच सुरू होतो असे नाही. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या ईसापूर धरणाचे लाभक्षेत्र नांदेड, हिंगोली व यवतमाळ या जिल्ह्यांत विभागले आहे. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले की, उमरखेड परिसरातील व पैलतीरावरील नदीकाठची गावे पिण्यासाठी धरणातून पात्रात पाणी सोडण्याची मागणी करतात, तर कालव्यावरचे शेतकरी त्याच पाण्याची पाळी मागतात. आंतरराज्यीय करारांत हिशेब होतो तो वर्षभराच्या एकूण पाण्याचा. पैनगंगेच्या काठी तंटा पडतो तो एप्रिल-मे महिन्यांतल्या पाण्यावरून.