खर्च झालेला पैसा आणि झालेले काम

धर्मग्रामात शाळेची अथवा सभागृहाची इमारत उभी राहत असते तेव्हा अर्थसमितीच्या सभेत दर महिन्याला एकच प्रश्न विचारला जातो: आजवर किती खर्च झाला? तो आकडा अंदाजपत्रकाशी ताडून पाहिला जातो आणि कमी भरला की सर्वजण निर्धास्तपणे घरी जातात. हा निर्धास्तपणा पुष्कळदा फसवा ठरतो. पैसे किती गेले यावरून काम किती झाले, हे कळत नाही.

हे कळावे म्हणून बांधकाम क्षेत्रात ‘अर्न्ड व्हॅल्यू मॅनेजमेंट’, म्हणजेच अर्जित मूल्याची पद्धत वापरली जाते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ साली आपल्या मोठ्या कंत्राटांसाठी तिचे निकष घालून दिले. पुढे ती नागरी बांधकामांतही रुळली.

समजा, १ कोटी रुपयांची इमारत १० महिन्यांत पूर्ण व्हावयाची आहे. पाचव्या महिन्याअखेर ५० लाखांचे काम अपेक्षित होते. खर्च झाला ४५ लाख. वरवर पाहता ५ लाख वाचले! परंतु जागेवर मोजमाप घेतले असता, पूर्ण झालेल्या कामाची अंदाजपत्रकातील दरांनी किंमत भरते अवघी ३६ लाख. हेच अर्जित मूल्य होय. त्याला ४५ ने भागले की ०.८० येते, म्हणजे प्रत्येक रुपयामागे ८० पैशांचेच काम पदरात पडले. ५० ने भागले तर ०.७२, म्हणजे काम वेळापत्रकाच्याही मागे आहे. खर्चाचे हेच प्रमाण राहिल्यास इमारत १ कोटी २५ लाखांवर जाईल. वरचे २५ लाख कोठून उभे करावयाचे, याचा विचार पाचव्या महिन्यात करता येतो. देणगीदारांनी दिलेला पैसा संपला आणि गिलावा अर्धवट राहिला, की मग हात जोडून फिरण्यावाचून मार्ग उरत नाही.

यासाठी महागडी संगणकप्रणाली लागतेच असे नाही. अभियंत्याची मोजमाप वही आणि दरपत्रक पुरेसे आहे. मात्र ठेकेदाराला दिलेली आगाऊ रक्कम अथवा आवारात रचलेले लोखंड हे झालेले काम समजू नये. ‘नव्वद टक्के झाले’ या तोंडी हिशेबावरही विसंबू नये. स्लॅब पडला तर त्याचे पूर्ण मूल्य धरावे, नाहीतर शून्य.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. काम उशिरा का होईना पूर्ण झाले, की वेळापत्रकाचा निर्देशांक आपोआप १ वर येतो आणि झालेला विलंब त्यात दिसेनासा होतो. म्हणून तारखांचा तक्ता शेजारी ठेवावाच लागतो. बांधकामाचा दर्जा तर या आकड्यांत कोठेच उमटत नाही. त्यासाठी अभियंत्याची वेगळी तपासणी हवी.