जुन्या खेळयंत्राची घरघर

ज्या घरांत दहाबारा वर्षांपूर्वीं मुलांसाठीं प्लेस्टेशन-४ हें खेळयंत्र घेतलें गेलें, त्यांपैकीं कित्येक घरांत तें अद्यापि चालू आहे. ज्याच्यासाठीं घेतलें तो शिकून नोकरीस लागला. यंत्र धाकट्या चुलत भावंडांकडे आलें. खेळ तेच, चकत्या त्याच. फरक पडला तो आवाजांत. जें यंत्र चालू आहे कीं बंद हें पूर्वीं दिवा पाहून ठरवावें लागे, तें आतां पिठाच्या गिरणीसारखें घरघरूं लागतें व शेजारच्या खोलींत दुपारीं अंमळ पडलेल्या आजोबांची झोपमोड होते. मग घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, हें डबडें काढून टाका. मुलें म्हणतात, नवें आणा. आमचें मत असें कीं, बहुतेक वेळां दोहोंचीही गरज नसते. मात्र ही घरघर कशाची हें आधीं समजून घेतलें पाहिजे. तें न समजतां केलेले उपाय यंत्राच्या जिवावर बेततात.

हें यंत्र अमेरिकेंत नोव्हेंबर २०१३ मध्यें व आपल्याकडे जानेवारी २०१४ मध्यें विक्रीस आलें. गणिताचें व चित्र काढण्याचें अशीं दोन्ही कामें त्यांत एकच चिप करते. जड खेळ चालू असतां पहिल्या आवृत्तीचें यंत्र सुमारें सव्वाशें ते दीडशें वॅट वीज खातें, आणि या विजेची जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णता होते. शंभर वॅटच्या जुन्या दिव्याजवळ ज्यांनीं हात नेला असेल, त्यांस हा प्रकार निराळा सांगावयास नको. त्यांत वीजपुरवठ्याची पेटीही आंतच. ही सारी उष्णता एका पंख्यानें बाहेर लोटावयाची असते. पंखा स्वतः होऊन वेग वाढवीत नाहीं. यंत्र चिपचें तपमान मोजून त्याला पळवितें. म्हणजे पंखा हा तक्रार सांगणारा आहे, दुखणें दुसरीकडे आहे.

येथें एक नियम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पंख्याची गति दुप्पट केली तर हवा दुप्पटच वाहते, पण आवाज सुमारें १५ डेसिबलनें वाढतो. आणि १० डेसिबलची वाढ कानाला जवळजवळ दुप्पट भासते. हाच हिशेब उलट मांडला तर आशा वाटण्याजोगा आहे. उष्णतेची वाट थोडी मोकळी झाली व पंख्याची गति एकपंचमांशानें उतरली, तरी आवाज सुमारें ५ डेसिबलनें कमी होतो. चमत्कार करावयाचा नाहीं, नुसती अडचण दूर करावयाची आहे.

पहिली अडचण जागेची. या यंत्राला हवा दोन्ही बाजूंच्या फटींतून मिळते व ती मागून बाहेर पडते. आपण तें टीव्हीच्या कपाटांत, भिंतीला चिकटवून, वर विणलेला रुमाल घालून ठेवतों! मागें वीतभर जागा सोडली आणि कपाटाचें दार उघडें ठेवलें, तर कित्येकदां एवढ्यानेंच आवाज उतरतो. विदर्भांतल्या वैशाखांत खोलीची हवाच चाळीस अंशांच्या पुढें असते. तेथें पंखा हिवाळ्याहून जोरानें फिरणारच, त्याला उपाय नाहीं.

दुसरी अडचण धुळीची. चिपवर बसविलेल्या धातूच्या पत्र्यांच्या जुडग्याला हीटसिंक म्हणतात. या पत्र्यांमधल्या बारीक फटींत सुताचे तंतू, केस व धूळ मिळून नमद्यासारखा थर जमतो. तो काढण्यासाठीं यंत्र उघडावें लागतें. मागच्या बाजूस चार स्क्रू आहेत. त्यांच्या डोक्यांत सहा टोंकांची चांदणी व मधोमध खुंटी असल्यामुळें टी-८ जातीचा, टोंकास भोंक असलेला स्क्रू-ड्रायव्हर लागतो. विजेची दोरी आधींच काढून ठेवावी. हवेचा झोत मारतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरावीं. तीं मोकळीं सोडलीं तर भलत्याच वेगानें फिरून बिघडतात. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कोणींही उघडूं नये. दोरी काढल्यावरही तिच्यांत कांहीं वेळ घातक दाबाची वीज साठून असते.

तिसरी अडचण डोळ्यांआडची, आणि आमच्या मतें दहा वर्षांच्या यंत्रांत तीच पुष्कळदां मुख्य असते. चिप व हीटसिंक यांचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदृष्ट्या खडबडीत असतात, व त्यांच्यामधल्या खळग्यांत हवा राहते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक: तांबें तिच्या सुमारें पंधरा हजार पट उष्णता वाहून नेतें. म्हणून मध्यें थर्मल पेस्टचा लेप देतात. साधारण चांगली पेस्ट हवेच्या दीडशें ते तीनशें पट चांगली असते. वर्षानुवर्षें तापून हा लेप सहाणेवर वाळलेल्या गंधासारखा भेगाळतो आणि भेगांत पुन्हा हवा शिरते. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलनें स्वच्छ पुसून तांदळाच्या एकदोन दाण्यांएवढा नवा द्यावा. अधिक दिल्यानें अधिक लाभ नाहीं; पेस्ट धातूहून कमी प्रतीचीच, तिचें काम खळगे भरण्यापुरतें. हीटसिंक दाबून धरणारे स्क्रू आळीपाळीनें थोडेथोडे आवळावे. यासाठीं यंत्र जवळजवळ पूर्ण सोडवावें लागतें व त्यांतील चपट्या तारा नाजूक असतात. हात स्थिर नसेल त्यानें हें काम जाणत्या दुकानदाराकडे द्यावें, आणि लेप बदलला कीं नुसती धूळ झाडली, हें स्पष्ट विचारून घ्यावें.

आतां घातक उपायांविषयीं. नोव्हेंबर २००५ मध्यें निघालेल्या एक्सबॉक्स-३६० या यंत्रांत वारंवार तापण्यानिवण्यानें आंतील सूक्ष्म जोड तुटत व समोर तांबडें कडें पेटे. तेव्हां कित्येकांनीं यंत्र टॉवेलांत गुंडाळून मुद्दाम तापविण्याची युक्ति काढली. कधीं कधीं तें थोडे दिवस चालेही, मग कायमचें बसे. जुलै २००७ मध्यें मायक्रोसॉफ्टला हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवून एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस काढावी लागली. एवढें होऊनही आज कोणी पंख्याच्या तारेंत अडथळा घालून त्याची गति कमी करतो, कोणी झांकणाला वाटेल तेथें भोंकें पाडतो. पहिल्या युक्तीनें शांतता मिळते खरी, पण ती चिप तापवून. दुसऱ्यानें हवेची आंखून दिलेली वाट मोडते. द्रवरूप धातूचा लेपही घरीं लावूं नये. २०२० च्या प्लेस्टेशन-५ मध्यें तो आहे, परंतु तेथें तो बाहेर ओघळूं नये अशी योजना कारखान्यांतच केलेली असते. हा धातू विजेचा वाहक आहे, व त्यांतील गॅलियम अॅल्युमिनियमला पोखरतें.

साफसफाई व नवा लेप यांनंतरही घरघर न राहतां नुसती टिकटिक किंवा खरखर ऐकूं येत असेल, तर पंख्याचें बेअरिंग झिजलें असें समजावें. तेव्हां पंखाच बदलावा, पण यंत्राच्या मागें लिहिलेला आवृत्तीचा क्रमांक दुकानदाराला दाखवून. एका आवृत्तीचा पंखा दुसरीस बसेलच असें नाहीं.